सी प्लसपेक्षा तुमचा तो ईमेल मला जास्त टोचला

प्रश्न : माझी मुलगी अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या एका विद्यापीठात अर्थशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. या सेमिस्टरला तिची तेरा क्रेडिट आहेत. त्यात तिने ‘अमेरिकेचे परराष्ट्र धोरण’ हा इलेक्टिव्ह (ऐच्छिक विषय) घेतला आणि मिडटर्मला सी प्लस आला. दहावी-बारावीत नव्वदच्या खाली न आलेली, रोज पेपर वाचणारी मुलगी, तिला इतके कमी गुण कसे? तिच्या पासवर्डने मी रोज रात्री दहाला कॉलेजचं पोर्टल बघतो आणि गुण कमी दिसले की लगेच तिला फोन करतो. प्राध्यापकांना ईमेल केला, तर ‘विद्यार्थिनीच्या संमतीशिवाय बोलता येणार नाही’ एवढंच उत्तर आलं. हा विषय सोडून स्टॅटिस्टिक्स घे आणि वर्गात अमेरिकेविरुद्ध अवाक्षर काढू नकोस, व्हिसा जाईल, असं तिला बजावलंय. राज्यशास्त्राच्या या विषयामुळे तिचं स्टेमही (विज्ञान-गणित गटातल्या पदवीला तिथे काम करायला मिळणारी जास्तीची मुदत) जाईल का? उत्तरपत्रिका आणि सिलॅबस जोडला आहे. — एक वडील, नाशिक

नमस्कार. दोन्ही कागद नीट वाचले. सी प्लसची मला काळजी वाटली नाही. काळजी वाटली ती पासवर्डची आणि त्या ईमेलची.

प्राध्यापकांनी तुम्हाला टाळलेलं नाही. अमेरिकेत १९७४ पासून फेर्पा नावाचा कायदा आहे. मूल कॉलेजात गेलं की गुण, हजेरी, शेरे यांवरचा हक्क त्याचा स्वतःचा होतो आणि तिथे फी कोण भरतं हा मुद्दा येत नाही. पण कायद्यापेक्षा वाईट गोष्ट वेगळीच आहे. ज्या माणसासमोर तुमच्या मुलीला स्वतःचं मत मांडायचंय, त्याच्याकडे तिच्या आधी तिच्या वडिलांचं पत्र पोचलं. ती एकोणीस-वीस वर्षांची आहे. पुढच्या तासाला हात वर करताना तिच्या मनात काय येत असेल, याचा विचार करा.

आणि तुमचे रात्रीचे दहा म्हणजे या दिवसांत तिच्याकडचे दुपारचे साडेबारा. म्हणजे दोन लेक्चरच्या मधे, जेवायच्या वेळेला, ‘हे का कमी आलं’ म्हणून तिला फोन येतो. पासवर्ड दुसऱ्याला देणं बहुतेक विद्यापीठांत नियमाविरुद्ध असतं, आणि ते निस्तरावं लागलं तर तिलाच लागेल. आजच तिला पासवर्ड बदलायला सांगा आणि नवा मागू नका.

आता विषय सोडण्याबद्दल. सिलॅबसवरच्या तारखा पाहिल्या तर ॲड-ड्रॉपची, म्हणजे विषय बदलण्याची, मुदत केव्हाच संपली आहे. याच सेमिस्टरला त्या जागी स्टॅटिस्टिक्स मिळणार नाही. आता सोडला तर ट्रान्सक्रिप्टवर ‘डब्ल्यू’ (विषय मधेच सोडल्याची खूण) लागेल. त्याहून मोठी अडचण क्रेडिटची आहे. तिची एकूण क्रेडिट तेरा, हा विषय तीनचा, म्हणजे उरली दहा. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावरच्या पदवीच्या विद्यार्थ्याला सेमिस्टरला किमान बारा लागतात. त्याखाली जायचं तर आधी आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयातल्या अधिकाऱ्याची परवानगी हवी, आणि ती आजारपणासारख्या मोजक्या कारणांसाठीच मिळते. एका परीक्षेत गुण कमी पडले हे त्यात बसत नाही. ज्या व्हिसाला तुम्ही इतके जपताय, तो तुमच्याच सल्ल्याने धोक्यात आला असता.

गुणांचा हिशेबही करून पाहा. मिडटर्म २० टक्के, वर्गातला सहभाग २०, मेमो (धोरणावरचं छोटं टिपण) १५, टर्म पेपर २५, अंतिम परीक्षा २०. सी प्लस म्हणजे साधारण ७८ धरा. उरलेल्या ८० टक्क्यांत सरासरी ८८ पडले तर एकूण ८६ होतात, म्हणजे बहुतेक ठिकाणी बी.

सी प्लस का आला ते उत्तरपत्रिकेत स्पष्ट दिसतं. प्रश्न होता : १९७१ मध्ये अमेरिकेने पाकिस्तानची बाजू का घेतली? तिने २५ मार्चच्या रात्रीपासून १६ डिसेंबरच्या शरणागतीपर्यंत सगळं लिहिलंय. निर्वासित, मुक्तिवाहिनी, बंगालच्या उपसागराकडे निघालेली ‘एंटरप्राइझ’ ही विमानवाहू नौका, सगळं बरोबर आणि क्रमवार. समासात प्राध्यापकांचा शेरा आहे : ‘मग तुझं म्हणणं काय?’ विचारलं होतं ‘का’, आणि तिने ‘काय झालं’ ते सांगितलं. बोर्डाच्या परीक्षेत मुद्दे क्रमाने आले की गुण पडतात. इथे पहिल्याच परिच्छेदात दावा लागतो, आणि पुढची प्रत्येक ओळ त्या दाव्यासाठी असावी लागते.

हा विषय म्हणजे चालू घडामोडी, हा गैरसमज घेऊन भारतातली बरीच मुलं त्या वर्गात बसतात. रोज पेपर वाचणाऱ्या मुलीला कमी गुण कसे, हा तुमचा प्रश्नही तिथूनच आलाय. तिथे शिकवतात ते निर्णय कसा होतो हे : अध्यक्षाच्या हातात काय, परराष्ट्र खात्याच्या हातात काय, काँग्रेस (अमेरिकेची संसद) कुठे अडवते, नोकरशाही कुठे विरोध नोंदवते. १९७१ चंच बघा. ६ एप्रिलला ढाक्यातल्या अमेरिकन वकिलातीतून वीस जणांच्या सह्यांची तार गेली, स्वतःच्याच सरकारच्या धोरणाला विरोध करणारी. राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार किसिंजर यांच्या २८ एप्रिलच्या टिपणावर अध्यक्ष निक्सन यांनी स्वतःच्या हाताने लिहिलं की याह्यांना (पाकिस्तानचे लष्करी अध्यक्ष याह्या खान) सध्या पिळू नका, आणि ‘नका’ या शब्दाखाली रेघा मारल्या. जुलैत किसिंजर पाकिस्तानमार्गे गुपचूप बीजिंगला जाऊन आले. आता दावा करता येतो : धोरण परराष्ट्र खात्याने नव्हे, व्हाइट हाउसने ठरवलं, आणि ते चीनकडे जाणारी वाट सांभाळण्यासाठी. पण चांगला टीए (प्राध्यापकांचा सहायक) लगेच विचारेल, जुलैत वाट उघडल्यावरही डिसेंबरपर्यंत तोच कल का राहिला? ऑगस्टमधला भारत-सोव्हिएत करार, चीनसमोर पत राखण्याची धडपड, निक्सन यांचा भारताबद्दलचा राग, यातलं काय किती वजनाचं? त्या उत्तरात ए आणि सी प्लसमधलं अंतर आहे.

हे कागद विकत घ्यावे लागत नाहीत. अमेरिकेचं परराष्ट्र खातं १८६१ पासून आपले दस्तऐवज खंडांनी छापतं. १९७१ च्या दक्षिण आशियाचा खंड २००५ साली आला आणि खात्याच्या इतिहास कार्यालयाच्या संकेतस्थळावर फुकट वाचता येतो. टर्म पेपर तिने यावरच करावा. मराठी घरात युद्धाची जी बाजू ऐकली, तिच्याशेजारी निक्सन यांची चिठ्ठी ठेवून बघणं तिला जमेल, आणि वर्गातल्या फार थोड्यांकडे अशी दोन्ही टोकं असतील.

मेमोत एक चूक हमखास होते : पहिलं पान इतिहासात जातं. दोन पानांचा मेमो असेल तर पहिल्या दोन ओळींत शिफारस, मग तीन पर्याय, प्रत्येकाची किंमत, आणि आपण निवडलेला पर्याय कुठे फसू शकतो ते. तो कच्चा लिहून तिने ऑफिस अवर्सना, म्हणजे प्राध्यापकांच्या भेटीच्या वेळेला, जावं. ‘माझे गुण वाढवा’ म्हणून नव्हे, तर ‘हा दावा टिकतो का’ एवढं विचारायला.

आता गप्प बसण्याबद्दल. सहभागाला २० टक्के आहेत, म्हणजे मिडटर्मइतकेच. तुमची भीती निराधार आहे असं मी म्हणणार नाही. २०२५ मध्ये विद्यार्थ्यांचे व्हिसा रद्द झाले, आणि नव्या अर्जदारांना समाजमाध्यमांवरची खाती सार्वजनिक ठेवायला सांगितलं गेलं. मोर्चात जायचं का, सार्वजनिक पोस्ट टाकायची का, हे तिने तिथल्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाशी बोलून ठरवावं. भीतीपोटी व्हिसाच्या अर्जात ही खाती लपवू नयेत, कारण मागच्या पाच वर्षांतली खाती नोंदवावी लागतात आणि खोटी माहिती जास्त महागात पडते. पण वर्गात १९७१ च्या धोरणावर टीका करणं हा अभ्यास आहे, आणि तो तिथले प्राध्यापक स्वतः करतात. वाचन करताना एक प्रश्न लिहून न्यावा आणि पहिल्या पंधरा मिनिटांत विचारावा. नंतर चर्चा पुढे सरकते आणि तोंड उघडणं अवघड होतं.

स्टेम एका इलेक्टिव्हने जात नाही. ते मेजरच्या, म्हणजे मुख्य विषयाच्या, कोडवर ठरतं आणि कोड आय-२० या विद्यापीठाने व्हिसासाठी दिलेल्या फॉर्मवर छापलेला असतो. अर्थशास्त्राला ४५.०६०३ असेल तर पदवीनंतर बारा महिन्यांच्या ओपीटीवर (तिथे काम करायची परवानगी) आणखी चोवीस महिन्यांसाठी अर्ज करता येतो, ४५.०६०१ असेल तर नाही. हे तिला आजच बघायला सांगा. दुसरा कोड निघाला तर मेजर बदलता येतो का, हे सल्लागाराला विचारायची वेळ हीच आहे.

परराष्ट्र सेवेचं विचाराल तर भारतात ती यूपीएससीतून, कोणत्याही शाखेच्या मान्यताप्राप्त पदवीवर, आणि अमेरिकेची फक्त अमेरिकी नागरिकांसाठी.

फोन आठवड्यातून एकदा, तिच्या सोयीने. या रविवारी गुण विचारू नका. निक्सन यांनी त्या कागदावर काय लिहिलं होतं ते तिला सांगायला लावा, आणि तिचं होईपर्यंत मधे बोलू नका.