मध्यवस्तीतला आलिशान फ्लॅट: लॉबीपेक्षा खिडकी बघा

तुम्ही विचारलंय की ऐन मध्यवस्तीतल्या टॉवरमध्ये बाविसाव्या मजल्यावरचा फ्लॅट मनात भरलाय, दोघांचंही ऑफिस चालत दहा मिनिटांवर आहे, पण खालचा रस्ता मध्यरात्र उलटेपर्यंत वाहता असतो आणि तुमची झोप सावध आहे, तर घ्यावा का. मी अकरा वर्षं अशाच ठिकाणी राहतोय. माझं मत: जागा सोडू नका, पण हाच फ्लॅट घ्यायचा का, ते सही करण्याआधी दोनदा जाऊन ठरवा. एकदा शनिवारी रात्री अकरानंतर आणि एकदा कामाच्या दिवशी सकाळी पावणेनऊला. फ्लॅट दाखवणारे बहुतेक भरदुपारी बोलावतात. त्या वेळी सगळ्याच इमारती शांत वाटतात.

‘इतक्या वर आवाज पोचत नाही’ या बोलण्यावर विसंबू नका. उंचावर मधला आडोसा संपतो, त्यामुळे चार गल्ल्यांपलीकडचा हॉर्नही सरळ कानावर येतो. अखंड वाहत्या रस्त्यापासूनचं अंतर दुप्पट केलं तरी आवाज जेमतेम ३ डेसिबलने उतरतो, आणि कानाला तो निम्मा वाटायला साधारण १० डेसिबलचा फरक लागतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली युरोपसाठी दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत वाहतुकीचा रात्रीचा सरासरी आवाज घराबाहेर ४५ डेसिबलच्या आत असावा, असं म्हटलंय. गजबजलेल्या रस्त्यावर हे जमणं कठीण. म्हणून सगळी भिस्त खिडकीवर.

दुहेरी काच आहे एवढं ऐकून थांबू नका. दोन्ही काचा एकाच जाडीच्या असतील तर ठरावीक पट्टीतला आवाज दोन्हींतून सारखाच आत येतो. जाडी वेगवेगळी हवी, त्यातली एक काच लॅमिनेटेड (दोन काचांमध्ये प्लास्टिकचा पातळ थर चिकटवलेली) हवी आणि मधली पोकळी जितकी रुंद तितकं बरं. सरकत्या तावदानांपेक्षा बिजागरीची, रबरावर घट्ट दाबून बसणारी खिडकी कधीही चांगली. जाताना साधा कागद न्या. तो फटीत धरून खिडकी बंद करा आणि ओढा. अलगद निसटला तर तिथून हवा येते, आणि हवेबरोबर आवाजही. चारही बाजूंना हे करून बघा. बसच्या इंजिनाची घरघर आणि खालच्या बारमधल्या गाण्यांचा ठोका मात्र चांगल्या काचेलाही फारसा जुमानत नाही. त्यासाठी झोपायची खोली रस्त्याच्या उलट बाजूलाच हवी.

आता जे मला कोणी सांगितलं नव्हतं ते. माझ्या खिडक्या उत्तम होत्या, रस्ता जवळपास ऐकूच यायचा नाही. तरी रात्री दोनला जाग यायची. आधी बारीक गुणगुण, मग खट्कन एक आवाज, मग शांतता. बरेच दिवस वाटायचं, शेजारी कपाट उघडतंय कोणीतरी. एका रात्री तळहात उशामागच्या भिंतीला टेकवून पडलो, तेव्हा कंप जाणवला. पलीकडे लिफ्टचा शाफ्ट होता. पलंग हलवूनही भागलं नाही, शेवटी झोपायची खोलीच बदलली. त्यामुळे आराखडा मागून घ्या आणि झोपायच्या खोलीच्या प्रत्येक भिंतीमागे, वर आणि खाली काय आहे ते बोट ठेवून विचारा. लिफ्ट, पाण्याचे पंप, जनरेटर, कचरा वरून खाली टाकायची नळी (शूट), आणि जिम तर नक्कीच, कारण जमिनीवर आपटलेलं वजन स्लॅबमधून थेट खाली येतं.

सकाळच्या फेरीत लिफ्टची वाट किती बघावी लागते ते घड्याळ लावून मोजा. सामान आणि डिलिव्हरीसाठी वेगळी लिफ्ट आहे का, आणि दुरुस्तीसाठी एक बंद पडली तर किती उरतात, तेही विचारा. बाविसाव्या मजल्यावर हा रोजचा प्रश्न आहे.

पोहण्याचा तलाव, क्लबहाउस वगैरे तुम्ही वापरा न वापरा, देखभाल खर्च दरमहा द्यावाच लागतो. गेल्या तीन वर्षांत तो किती वाढला, ते लेखी मागा.

एवढं सगळं सांगूनही मी इथून हललेलो नाही. संध्याकाळी ऑफिसचं दार ओढलं की दहाव्या मिनिटाला मी घरात बूट काढत असतो. मुलीला गोष्ट वाचून दाखवायची एकही रात्र मला प्रवासापायी चुकवावी लागलेली नाही. तुमच्या फ्लॅटचा आराखडा इथे टाकलात तर कुठली खोली झोपायला घ्यावी ते बघून सांगतो.