रस्त्यावरच्या स्पोर्ट्‌स कारचे अलाइनमेंट : कॅम्बर किती, टो किती?

प्रश्न : माझी दोन आसनी, रिअर-व्हील ड्राइव्ह (इंजिनाची ताकद मागच्या चाकांना देणारी) स्पोर्ट्‌स कार मी रोज कामावर नेतो आणि वर्षातून दोन-तीनदा ट्रॅकवरही चालवतो. स्प्रिंगा बदलून गाडी सुमारे 25 मिलिमीटर खाली बसवली. मग ट्रॅकवरच्या एका मित्राच्या सल्ल्याने पुढच्या चाकांना उणे 2.8 अंश कॅम्बर (चाकाचा माथा आत झुकलेला) आणि दोन्ही मिळून 0.4 अंश टो-आउट (वरून पाहिल्यास चाकांची पुढची टोके बाहेर वळलेली) ठेवला. गाडी वळणात चटकन शिरते, पण सरळ रस्त्यावर सारखी इकडेतिकडे होते आणि 9,000 किलोमीटरमध्येच पुढचे टायर आतल्या कडेने गुळगुळीत झाले. कॅम्बर कमी करा, असे सगळे सांगतात. तसे केल्यास वळणावरची पकड जाईल का? नेमके आकडे कोणते ठेवावेत?

उत्तर : आपले टायर मुख्यतः टोने खाल्ले आहेत, कॅम्बरने नव्हे. कॅम्बरमुळे गाडीचा भार आतल्या कडेवर आला आणि टो-आउटने तीच कड रस्त्यावर घासत नेली. हिशोब सोपा आहे. एकूण 0.4 अंश म्हणजे प्रत्येक चाक 0.2 अंश बाहेर वळलेले. गाडी सरळ जात असताना असे चाक प्रत्येक किलोमीटरमागे सुमारे साडेतीन मीटर आडवे ओढले जाते. 9,000 किलोमीटरांत हे अंतर एकतीस किलोमीटरांच्या वर जाते. याउलट टो शून्याजवळ असेल, तर दीड-दोन अंश उणे कॅम्बर असलेला टायरही आतून थोडा लवकर झिजतो इतकेच. तो असा अकाली संपत नाही.

खात्री करायची असेल, तर गाडी उभी असताना टायरच्या नक्षीवरून तळहात आडवा फिरवून पाहा, आधी आतून बाहेर आणि मग बाहेरून आत. एका दिशेने हात सहज सरकला आणि उलट दिशेने करवतीच्या दातांसारखा अडला, तर दोष टोचा आहे. निव्वळ कॅम्बरची झीज गुळगुळीत आणि उतरती असते, हाताला अडत नाही. हे दात डोळ्यांना दिसण्याच्या बरेच आधी हाताला लागतात, म्हणून नव्या टायरवर दर हजार-दोन हजार किलोमीटरला अशी तपासणी करण्याची सवय मला फार मोलाची वाटते.

आता कॅम्बर. वळणावर गाडीची बॉडी बाहेर झुकते आणि बाहेरचे चाक तिच्यासोबत कलून बाहेरच्या कडेवर उभे राहू पाहते. ते त्या क्षणी रस्त्यावर सपाट टेकावे, म्हणून उभ्या गाडीत चाकाचा माथा आधीच आत झुकवून ठेवायचा, हा उणे कॅम्बरचा हेतू आहे. पण रस्त्यासाठीचा चांगला टायर कोरड्या डांबरावर जवळपास 1 जी (म्हणजे त्याच्यावरच्या वजनाइतका) आडवा जोर पेलतो आणि रोजच्या वळणांत आपण त्याच्या निम्म्यालाही क्वचितच पोहोचतो. त्यामुळे उणे 2.8 अंशांचा लाभ आपल्याला वर्षातल्या दोन-तीन दिवशीच मिळतो. उरलेले सगळे दिवस टायर आतल्या कडेवर चालतो, सरळ रेषेत जोरात ब्रेक मारताना रस्त्याला त्याचा कमी भाग टेकतो आणि टायर रुंद असेल तर रस्त्यावरची प्रत्येक चाकोरी स्टीअरिंगला आपल्याकडे ओढते.

आपल्यासारख्या वापरासाठी मी पुढे उणे 1.3 ते 1.8 अंश आणि मागे उणे 1.2 ते 1.6 अंश कॅम्बर ठेवीन. पुढचे सस्पेन्शन मॅकफर्सन स्ट्रटचे (चाक एका उभ्या स्प्रिंग-शॉक ॲब्सॉर्बरला जोडलेले) असेल, तर उणे 1.8 च्या मर्यादेजवळ राहावे. कारण त्यात बॉडी झुकल्यावर चाकाला मिळणारा जादा उणे कॅम्बर डबल विशबोनच्या (वर-खाली दोन बाहूंनी चाक धरणाऱ्या रचनेच्या) मानाने कमी असतो आणि गाडी फार खाली बसवल्यास तो आणखी घटतो. पुढे-मागे किती फरक ठेवायचा, हा खरा तोल आहे. पुढचा कॅम्बर वाढवल्याने पुढची पकड वाढते, पण मागचा तसाच राहिला तर गाडीची शेपूट सुटण्याचा कल वाढतो, आणि ओल्या रस्त्यावर ते कुणालाच नको असते.

टो पुढे शून्य किंवा एकूण 0.1 अंश टो-इन (चाकांची पुढची टोके आत वळलेली) ठेवावा. रिअर-व्हील ड्राइव्ह गाडीत धावताना होणारा रस्त्याचा विरोध पुढची चाके मागे ढकलतो, सस्पेन्शनच्या सांध्यांतले रबरी बुश दबतात आणि चाके किंचित बाहेर वळतात. उभ्या गाडीतला हलका टो-इन ती तूट भरून काढतो. मागे मात्र एकूण 0.2 ते 0.3 अंश टो-इन हवाच. मागच्या टो-आउटने गाडी वळणात जलद फिरते हे खरे, पण वळणात अचानक ॲक्सिलरेटर सोडल्यावर किंवा ब्रेक मारल्यावर ती सावरायला वेळ मिळत नाही. रस्त्यावरच्या गाडीला मागे टो-आउट कुणी कितीही आग्रहाने सुचवला, तरी तो घेऊ नये. कॅस्टरबद्दल (पुढचे चाक ज्या अक्षाभोवती वळते, त्याचा बाजूने पाहिल्यास मागे झुकलेला कोन) एवढेच सांगतो, की कंपनीच्या मर्यादेत शक्य तितका जास्त घ्यावा आणि डाव्या-उजव्या बाजूंत अर्ध्या अंशाहून अधिक फरक राहू देऊ नये. कॅस्टर वाढला की चाके वळवल्यावर बाहेरच्या चाकाला आपोआप जादा उणे कॅम्बर मिळतो, म्हणजे सरळ रस्त्यावर टायर न झिजवता वळणावरची पकड हाती येते. आपली भीती बरीचशी इथेच मिटावी.

मशीनवर गाडी चढवण्यापूर्वी टायरची हवा योग्य करा, टाकी निम्मी भरा आणि चालकाच्या आसनावर आपल्याइतके वजन ठेवायला सांगा, कारण हलक्या, खाली बसवलेल्या गाडीत तेवढ्यानेही कोन बदलतात. आधी मागची चाके, मग पुढची. आणि प्रत्येक ठिकाणी कॅम्बर व कॅस्टर आधी, टो सर्वांत शेवटी, कारण कॅम्बर हलवला की टो हलतोच. एककाकडेही बारकाईने पाहा. काही मशीन अंशाचे दशांश दाखवतात, काही अंश आणि मिनिटे. 20 मिनिटे म्हणजे 0.20 अंश नव्हे, 0.33 अंश. या एका गोंधळाने मी स्वतः एकदा पुढच्या टायरची नवी जोडी वाया घालवली आहे. नव्या स्प्रिंगा काही आठवड्यांत आणखी थोड्या बसतात, म्हणून त्यानंतर मोजमाप पुन्हा करून घ्या.

प्रश्न : अलाइनमेंटनंतरच्या छापील कागदावर सगळे आकडे हिरवे आहेत, तरी सरळ रस्त्यावर स्टीअरिंग तिरके राहते आणि गाडी एका बाजूला ओढते. असे का होते?

उत्तर : हिरवा आकडा म्हणजे कंपनीच्या मर्यादेत, एवढाच त्याचा अर्थ. डावे चाक मर्यादेच्या एका टोकाला आणि उजवे दुसऱ्या टोकाला असले, तरी दोन्ही हिरवेच दिसतात. गाडी साधारणपणे कमी कॅस्टर असलेल्या किंवा कॅम्बर अधिक धन (किंवा कमी उणे) असलेल्या बाजूला ओढते, म्हणून डाव्या-उजव्या आकड्यांतला फरक आधी पाहा. तिरके स्टीअरिंग ही वेगळी तक्रार आहे. एक तर टो जुळवताना स्टीअरिंग मध्यावर लॉक केलेले नसते, किंवा मागच्या दोन चाकांचा टो सारखा नसतो. त्या फरकाच्या निम्मा कोन हा थ्रस्ट अँगल. गाडी त्या दिशेने ढकलली जाते आणि आपण नकळत स्टीअरिंग वळवून तिला सरळ धरतो. हा कोन शून्य करून मगच टाय रॉड (पुढच्या चाकांचा टो ठरवणारे दांडे) जुळवायला सांगा.

कोन जुळलेले असूनही ओढ राहिली, तर दोन्ही बाजूंची हवा तपासा आणि पुढचे दोन टायर आपसांत बदलून पाहा. मात्र एकाच दिशेने फिरण्यासाठी बनवलेल्या टायरांना हा उपाय चालत नाही. ओढ बाजू बदलली तर दोष टायरचा. बाजू बदलली नाही, तर थोडे अंतर चालवून थांबल्यावर पुढच्या दोन्ही रिमांजवळ, स्पर्श न करता, हात धरून पाहा : एक रिम दुसऱ्यापेक्षा बराच तापला असेल, तर त्या बाजूचा ब्रेक अडकून राहतो आहे आणि काम अलाइनमेंटच्या मशीनवरचे नाही.