नुसतं बोलून काय हुतंय?

समुपदेशक म्हणून आठवड्यातून एकदा तरी हा प्रश्न माझ्यासमोर येतोच. बारावीतल्या मुलीला घेऊन आलेली आई दारातच विचारते, "गोळ्या नाहीत, म्हणजे नुसतं बोलणारच ना तुम्ही?" बँकेतून रिटायर झालेले गृहस्थ म्हणतात, "बोलायला घरात माणसं आहेत की, त्यासाठी फी कशाला?" हल्ली त्यात आणखी एकाची भर पडली आहे. "पुण्यातला भाचा म्हणतोय सीबीटी नावाचे उपचार करून घ्या. तुमच्याकडं असते का?"

असं कुणी विचारलं की मला सुभाषराव आठवतात. नाव बदललं आहे, ओळख पटेल असे तपशीलही बदलले आहेत, आणि त्यांना विचारूनच हे लिहिते आहे.

सांगलीच्या गावभागात त्यांचं किराणा दुकान. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात दुकान बुडालं. पुढं सगळं उभं केलं, उधारी फेडली, पण जून उजाडला की माणूस बदलायचा. कोयना धरणातून विसर्ग किती, कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी किती फूट, दर पंधरा मिनिटांनी मोबाईल. रात्री दोन वाजता उठून स्कूटर काढायची आणि पुलावर जाऊन खाली बघत उभं राहायचं. पुलापाशी ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट धोक्याची, हे सांगलीतल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं. सुभाषराव १५ फुटांनाही जागेच असायचे.

वहिनींनी जवळजवळ ओढतच आणलं त्यांना. खुर्चीत टेकायच्या आत म्हणाले, "नुसतं बोलून कृष्णेचं पाणी थांबणार हाय का, मॅडम?"

"नाही थांबणार," मी म्हणाले.

तेव्हा पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडं नीट पाहिलं.

झोप पार गेली होती, वजन उतरलं होतं, म्हणून आधी मानसोपचारतज्ज्ञांकडं पाठवलं. त्यांनी काही महिने औषध दिलं आणि पुढं त्यांनीच ते कमी करत बंद केलं. औषध की बोलणं, असं भांडण लावायचं कारण नाही. झोपलेल्या माणसाशी बोलता येत नाही, तसंच तीन रात्री न झोपलेल्याशीही येत नाही.

आता भाच्याच्या प्रश्नाकडं येते. हेच सुभाषराव वेगवेगळ्या समुपदेशकांकडं गेले असते, तर प्रत्येकानं वेगळ्या दारानं आत पाऊल टाकलं असतं. व्हिएन्नाच्या सिग्मंड फ्रॉइड यांच्या वाटेनं जाणारा त्यांच्या लहानपणात, वडिलांशी असलेल्या नात्यात शिरला असता. वर्तनावर काम करणारा म्हणाला असता, आधी ते मोबाईल बघणं मोजू, मग हळूहळू कमी करू आणि तेवढी धडधड सोसायची सवय लावू. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांना मानणारा कसलाच निवाडा न देता मन लावून ऐकत राहिला असता, कारण रॉजर्स यांच्या मते तसं ऐकून घेतलं गेलं की माणूस आपली वाट आपण शोधतो. कुटुंबोपचारवाल्यांनी वहिनींना आणि मुलाला शेजारी बसवलं असतं. भाचा म्हणत होता ती सीबीटी, म्हणजे विचार आणि वर्तन दोन्हींवर काम करणारी पद्धत. १९६० च्या दशकात फिलाडेल्फियात आरन बेक यांनी तिचा पाया घातला. त्या आधी, १९५५ च्या सुमारास, न्यूयॉर्कमध्ये अल्बर्ट एलिस यांनी विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली होती. गंमत म्हणजे हे दोघंही मुळात फ्रॉइडच्याच वाटेवर शिकलेले.

मी एलिस यांच्या बाजूची. कि. मो. फडके यांनी एलिस यांच्याशी दीर्घ पत्रव्यवहार केला, ही पद्धत आत्मसात केली आणि मराठी माणसांपर्यंत पोचवली. एलिस यांचं म्हणणं असं की, घटनेमुळे माणूस जितका कोलमडतो त्याहून जास्त तो तिच्याबद्दलच्या हट्टी मागणीमुळे कोलमडतो. ही मागणी ओळखायला मराठीत एक सोपी खूण आहे, ती म्हणजे 'च'. पाणी येऊ नये, ही इच्छा झाली. पाणी येताच कामा नये, ही मागणी झाली. अनेक वर्षं ऐकून ऐकून माझा कान त्या 'च'वर आपोआप थबकतो.

सुभाषरावांना मी घरी वहीत 'च' टिपायला सांगितले. माणूस दुकानदार, हिशेबाला पक्का. "एका दिवसात तेवीस झाले मॅडम," म्हणत वही पुढं केली. त्यात लिहिलेलं: मला खात्री हवीच. मला आधी कळलंच पाहिजे. पाच भेटी आम्ही त्यावर काम केलं. पावसाची खात्री कुणाला मिळते, खात्रीविना आजवर काय काय केलंत, असं बरंच. त्यांना पटायचं, मान हलवायचे, आणि रात्री दोनला पुन्हा पुलावर.

सहाव्या भेटीत त्यांनी सहज विषय काढला, भिंतीवरच्या रेघेचा. २००५ च्या पुरात दुकानात पाणी जिथवर आलं होतं, तिथं वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, लाल ऑइलपेंटनं रेघ मारलेली. खुर्चीतून वाकून त्यांनी माझ्या टेबलाच्या पायावर तळहात आडवा धरला. "एवढी. गुडघ्याच्या जरा वर."

"मग २०१९ ला?"

"माल रेघेच्या वर हातभर चढवला. अण्णा म्हणाले, अजून वर घ्यायचा का? मी म्हणालो, अण्णा, रेघेच्या वर पाणी येत न्हाई." तळहात तिथंच होता. "गळ्यापर्यंत आलं. अण्णा त्याच हिवाळ्यात गेले. मला कळायलाच हवं होतं."

तो 'च' ऐकला आणि माझ्या ध्यानात आलं. मी पाच भेटी येणाऱ्या पावसाशी भांडत बसले होते आणि हा माणूस चार वर्षांपूर्वीच्या संध्याकाळी अडकून पडला होता. मी सावकाश विचारलं, "तुम्ही असं म्हणाल्यावर अण्णा काय म्हणाले?"

बराच वेळ गेला. "त्यांनी हातानं मापून बघितलं. म्हणाले, बास झालं. आणि जेवायला गेले."

"म्हणजे अण्णांनाही कळायलाच हवं होतं?"

"त्यांना कसं कळणार ओ? २००५ ला पुलापाशी ५४ फुटांच्या आत होतं, ह्या वेळेला ५७ च्या वर गेलं. एवढं कुणी बघितलं होतं आधी? त्यांचा काय दोष…"

आणि थांबले. तळहात टेबलाच्या पायावरून खाली आला. मग ते रडले, खांदे हलेपर्यंत. मी काही बोलले नाही. अशा वेळी बोललेलं एक वाक्यसुद्धा जास्त होतं.

अण्णांना दिलेली माफी त्यांना स्वतःलाही लागू होते, हे मी सांगितलं असतं तर त्यांनी पुन्हा नुसती मान हलवली असती. ते त्यांच्याच तोंडून आलं. अण्णांबद्दलचा तो प्रश्न मला माझ्या पद्धतीनं दिला, याचा मला अभिमान आहे. पण रेघेपर्यंत ते पोचले ते आधीच्या पाच भेटींत कुणी त्यांना वेड्यात काढलं नाही म्हणून, आणि ते श्रेय रॉजर्स यांना द्यायला हवं. पद्धती वेगळ्या असल्या तरी माणसाचा समुपदेशकावर विश्वास बसल्याशिवाय त्यातली एकही चालत नाही.

म्हणून भाच्याला माझं सांगणं आहे की पद्धतीचं नाव विचार, पण तेवढ्यावर थांबू नको. शिक्षण कुठलं, प्रशिक्षण कशाचं, साधारण किती भेटी लागतील, हे बिनधास्त विचार. चांगला समुपदेशक त्यावर चिडत नाही. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ म्हणवणाऱ्याची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. औषध डॉक्टरच लिहू शकतो, आमच्यासारखे समुपदेशक नाही. तीन-चार भेटींनंतरही आपलं ऐकलं जात नाही असं वाटलं तर तसं सांगावं, दुसरीकडं जावं. त्यात कुणाचा अपमान नाही. आपलं बोलणं बाहेर जाईल ही भीती सांगलीसारख्या गावात फार. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ नं गोपनीयतेचा हक्क दिला आहे, तो ठाऊक असावा. आणि रात्री-अपरात्री जीव नकोसा झाला तर भेटीची वाट बघू नये. १४४१६ ही टेलिमानसची सरकारी मोफत सेवा आहे, ती मराठीतही बोलते.

घरातल्या माणसांशी बोलणं आणि हे बोलणं यात फरक काय, असं त्या बँकेतल्या गृहस्थांनी विचारलं होतं. वहिनी चार वर्षं सुभाषरावांना सांगत होत्या, "तुमची काय चूक?" प्रेमापोटीच सांगत होत्या. पण घरचं माणूस धीर देतं आणि धीर दिला की बोलणं तिथंच मिटतं. अण्णांनी हातानं मापलं होतं, हे चार वर्षांत कुणी विचारलंच नव्हतं.

पुढचं काम सोपं होतं. मोबाईल सकाळी सात आणि संध्याकाळी सात, एवढंच. पुलावर जायचं, पण दिवसा, वहिनींबरोबर. पहिला आठवडा जड गेला, तिसऱ्यात बरं वाटायला लागलं.

गेल्या पावसाळ्यात त्यांच्या दुकानात गेले होते. लाल रेघ तशीच आहे. तिच्या बऱ्याच वर, फळ्यांच्या मागं, निळ्या रंगाची दुसरी रेघ. गल्ल्याशेजारी वहीचा कागद चिकटवलाय: '३५ फूट, माल माडीवर. ४० फूट, अण्णांचा फोटो आणि वह्या घेऊन बहिणीकडं.'

"आणि ३५ च्या आत?" मी विचारलं.

"३५ च्या आत दुकान उघडं," ते म्हणाले आणि माझी शेंगदाण्याची पुडी बांधायला लागले.