वन्यजीव संस्थेचं विश्वस्तपद : तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

"बोर्डावर या म्हणतायत, जाऊ का?" असं विचारणारे बरेच मेसेज जमलेत. मी घाटाखालच्या एका छोट्या वन्यजीव ट्रस्टवर सतरा वर्षं आहे, आधी खजिनदार होते, आता सेक्रेटरी, त्यामुळे जे सांगतेय ते स्वतः निस्तरलेलं आहे.

मी बँकेतून रिटायर झालोय. प्राणी वाचवणारी एक संस्था मला खजिनदार व्हा म्हणतीये, पण मला घार आणि ससाणा यातला फरकही कळत नाही. हो म्हणू का? (सातारा)

जरूर म्हणा. पक्षी ओळखणारी माणसं त्यांच्याकडे ढीगभर असतील, बॅलन्सशीट वाचणारं कोणी नसेल, म्हणून तर तुमच्याकडे आलेत. फक्त आधी कागद मागा, संस्थेची घटना, शेड्यूल वनचा (धर्मादाय कार्यालयातली ट्रस्टची अधिकृत नोंद, विश्वस्तांची नावं त्यात असतात) ताजा उतारा, तीन वर्षांचे ऑडिट रिपोर्ट आणि मागच्या पाचसहा मीटिंगची इतिवृत्तं. द्यायला का-कू करत असतील तर तिथेच थांबा.

मी खजिनदार झाले तेव्हा व्हाउचरची फाईल उघडून बसले तर जीपच्या डिझेलच्या पावत्यांवर ना गाडी नंबर ना किलोमीटर, नुसती रक्कम आणि एक गिचमिड सही. पैसे कोणी खाल्ले नव्हते, पोरं रात्री दोनला अजगर सोडून परत येताना पंपावर मिळेल ती पावती खिशात कोंबायची, बस. मग आम्ही जीपच्या डॅशबोर्डला सुतळीने एक वही बांधली, कॉल कुठून आला, निघताना मीटर किती, आल्यावर किती. सहा महिन्यांनी वही चाळली तर लक्षात आलं की निम्मे कॉल एकाच कोपऱ्यातल्या चार गावांतून येतायत, आणि आम्ही तिथलीच दोन मुलं तयार केली. पंचेचाळीस मिनिटांची वाट दहा मिनिटांवर आली. आकडे वाचणारा माणूस बोर्डावर असला की हे असं होतं, ससाणा नंतर शिकाल.

दोन वर्षं मीटिंगला जातेय, माहितीपत्रकात फोटो आहे, पण शेड्यूल वनवर माझं नावच नाही. चालतं का? (नाशिक)

नाही चालत. महाराष्ट्राच्या १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्यात कलम २२ आहे, विश्वस्त बदलला की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट भरायचा. उशीर झालाय तर विलंब माफीचा अर्ज जोडून आत्ता भरा, वकिलाला आजच फोन करा. आणि पुढे कधी राजीनामा दिलात तर त्याचाही चेंज रिपोर्ट भरलाय ना हे स्वतः बघा, नाहीतर तुम्ही सोडून पाच वर्षं झाली तरी नोटीस तुमच्या घरी येणार.

आमच्या अध्यक्षांनी गव्हाणी घुबडाचं पिल्लू तीन आठवडे घरात ठेवलंय. रोज हातावर घेऊन फोटो टाकतात, लोक वाहवा करतात. मी नवीन ट्रस्टी, बोलू कशी? (सांगली)

ताई, बोलाच, आणि आज बोला. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्याच्या कलम ३९ प्रमाणे वन्यप्राणी ही सरकारची मालमत्ता धरली जाते, असा प्राणी ताब्यात आला की ४८ तासांत जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा वन खात्याच्या अधिकाऱ्याला कळवायचं, आणि लेखी परवानगीशिवाय जवळ ठेवायचा नाही. हेतू चांगला होता हे उत्तर होत नाही. उद्या गुन्हा नोंदला तर नाव संस्थेचं जाणार आणि तुम्हालाही विचारणार, माहीत असून गप्प का बसलात.

पण मला कायद्यापेक्षा त्या पिल्लाची जास्त काळजी वाटतेय. माणसाच्या हातून खाऊन मोठं झालेलं घुबड माणसाला घाबरत नाही, आणि न घाबरणारं घुबड बाहेर जगत नाही, आपल्याकडे तर घुबड दिसलं की दगड उचलणारे कमी नाहीत. जुन्नर भागात ऊसतोडीच्या वेळी फडात बिबट्याची पिल्लं सापडतात तेव्हा वन खातं काय करतं ते त्यांना सांगा. डॉक्टर तपासतात, आणि संध्याकाळी पिल्लं जिथे सापडली त्याच ठिकाणी क्रेटमध्ये ठेवतात, कॅमेरा लावतात आणि सगळे लांब जातात. अंधार पडल्यावर मादी येते, क्रेट पंजाने आडवा करते आणि पिल्लू तोंडात धरून निघून जाते. हात लावायचा नाही, कुरवाळायचं नाही, जितकं लवकर तितकं आईकडे. इतकी वर्षं झाली तरी तसलं फुटेज बघताना माझा श्वास अडकतो.

तेव्हा अध्यक्षांना आधी एकटं गाठून नीट सांगा, चारचौघांत नको, मोठ्या माणसाला तोंडघशी पाडलं की तो अडून बसतो. पिल्लू वन खात्यामार्फत पशुवैद्याकडे जाऊ दे. आणि पुढच्या मीटिंगला ठराव घ्या की वाचवलेला कुठलाही प्राणी कोणाच्याही घरी राहणार नाही आणि हाताळतानाचे फोटो टाकायचे नाहीत. ऐकलंच नाही तर तुमचं म्हणणं लेखी द्या, इतिवृत्तात घ्यायला लावा.

माझी मुलगी टेक्सासमध्ये असते, तिला आमच्या ट्रस्टला पैसे द्यायचेत. एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची नोंदणी, लागते का? (पुणे)

तिचा पासपोर्ट कुठला यावर आहे. भारतीय नागरिक असेल आणि स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत देत असेल तर ती परदेशी देणगी धरत नाहीत. अमेरिकन नागरिकत्व घेतलं असेल तर ती परदेशी देणगी, ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या मूळ भारतीयांना मिळतं ते) असलं तरी, आणि एफसीआरए नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसेल तर एक डॉलरही घेऊ नका. नोंदणी असली तरी पैसे आधी दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या ठरलेल्या खात्यातच यायला हवेत. प्रेमाने दिलेल्या पैशापायी चांगली संस्था अडकलेली मी पाहिलीये, पोटच्या पोरीचे पैसे असले तरी आधी विचारा.

फील्डवरची मुलं म्हणतात, बोर्डाने आमच्या कामात नाक खुपसू नये. बरोबर आहे का? (कुडाळ)

साप कसा धरायचा हे त्यांना शिकवू नका, तेवढं त्यांचं बरोबर. पण त्यांचा जीव हा बोर्डाचाच विषय आहे. आमच्याकडे एक पोरगा फाटका बूट चिकटपट्टीने गुंडाळून कॉलला जायचा आणि आम्ही मीटिंगमध्ये वर्धापन दिनाच्या मंडपाचं बजेट ठरवत होतो, आजही लाज वाटते. त्या वर्षी मंडप रद्द केला, बूट, हुक आणि अपघात विमा घेतला.

विचारायच्या गोष्टी साध्या आहेत. जवळच्या कुठल्या दवाखान्यात प्रतिसर्पविष आहे, रात्री डॉक्टर असतो का, गाडी कोण काढणार. आपल्याकडे मिळणारं प्रतिसर्पविष नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर आहे, तुमच्या कोकणातल्या चापडा या विषारी सापावर ते चालत नाही, हे तुमच्या डॉक्टरांशी आधीच बोलून ठेवा. एकट्याने कॉलला जायचं नाही हा नियम बोर्डाने घालायचा आणि पाळला जातो का ते बघायचं. मुलं कुरकुरतील, कुरकुरू द्या.

आमच्या एका विश्वस्ताचं अभयारण्याच्या वेशीवर रिसॉर्ट आहे. त्यांना बोर्डावरून काढून टाकावं का? (चंद्रपूर)

लगेच नको. त्यांनी ते लेखी जाहीर करावं, पर्यटन किंवा जमिनीचा विषय आला की खोलीबाहेर जावं, आणि संस्थेची शिबिरं त्यांच्याकडे होऊ नयेत. फुकटात देत असतील तरीही. हे मान्य नसेल तर मात्र त्यांनी बोर्ड सोडावं.

नोकरी सांभाळून जमेल का, वेळ किती जातो? (ठाणे)

महिन्याला एक रविवार आणि दोनतीन संध्याकाळी धरा. एप्रिलपासून हिशोब बंद करायची गडबड, आणि जून लागला की बिळात पाणी शिरून साप घराकडे येतात, कॉल दुप्पट होतात, त्यात ऑडिटर कागद मागतो. सुट्ट्या घ्यायच्याच असतील तर तेव्हासाठी ठेवा.