मुळशीच्या तलावावर ७०-३०० लेन्सने पक्ष्यांचे चांगले फोटो येतील का?

येतील, पण भल्या पहाटे निघा. चांदणी चौकातून पौडमार्गे गेलात तर उजाडायच्या आत काठावर पोचता. वारा सुटेपर्यंतच पाणी आरशासारखं असतं, आणि सह्याद्रीचं प्रतिबिंब तेवढ्यातच टिपायचं. पोलरायझर (चकाकी कमी करणारा फिल्टर) लावला असेल तर तो काढा किंवा फिरवून बघा, नाहीतर नेमकं प्रतिबिंबच फिकं पडतं. पुण्याच्या बाजूच्या काठावर सकाळी ऊन पाठीमागून येतं, तीच जागा धरा.

३०० मिलिमीटर पक्ष्यांना तोकडीच पडते. म्हणून त्यांच्या मागे धावू नका, एका जागी खाली बसा. गाडी थांबवून खिडकीतून टिपलेले फोटो तर हमखास चांगले येतात, कारण गाडीला पक्षी माणसाइतके घाबरत नाहीत. पंख वाळवत बसलेला पाणकावळा नवख्यासाठी उत्तम, तो बराच वेळ हलत नाही. कवड्या खंड्या पाण्यावर एका जागी फडफडत थांबतो आणि मग सूर मारतो. त्यासाठी शटर १/२००० सेकंदाच्या आसपास ठेवा, आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश-संवेदनशीलता) वाढला तरी चालेल. बगळा टिपताना एक्स्पोजर थोडं कमी करा, नाहीतर पिसांचा नुसता पांढरा डाग होतो.

एक कळकळीची विनंती: मोबाइलवर पक्ष्यांचे आवाज वाजवून त्यांना बोलावू नका आणि घरट्याजवळ जाऊ नका. बिथरलेला पक्षी अंडी उघडी टाकून उडतो.

रोहित पक्षीच (फ्लेमिंगो) हवे असतील तर मात्र हिवाळ्यात भिगवण गाठा.