वही कोण बघतं? : ऑनलाइन शाळेबद्दल वाचकांचे प्रश्न

ऑनलाइन शिक्षणावरच्या मागच्या लेखानंतर बरीच पत्रं आली. त्यातल्या सहांना इथे उत्तरं देते आहे. काही पत्रांतला मजकूर थोडा आटोपशीर केला आहे.

प्रश्न : मुलगा सहावीत आहे, टेबल टेनिस खेळतो. सकाळ-संध्याकाळ सराव असल्यामुळे शाळेला दांड्या होतात. एका ऑनलाइन शाळेचा माणूस घरी येऊन गेला. त्यांचं प्रमाणपत्र सगळीकडे चालतं, असं तो म्हणाला. फी बरीच आहे. प्रवेश घ्यावा का? (एक आई, नाशिक)

त्या माणसाला एकच विचारा : दहावीच्या गुणपत्रिकेवर कुठल्या मंडळाचं नाव असणार? त्यावर सरळ उत्तर आलं नाही तर बोलणं तिथेच थांबवा. आपल्याकडे प्रमाणपत्राला किंमत येते ती मंडळामुळे. खाजगी ऑनलाइन शाळा बहुतेक वेळा मुलांना राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून, म्हणजे एनआयओएसमधून, दहावीला बसवतात, किंवा केंब्रिजच्या परीक्षेला खाजगी विद्यार्थी म्हणून. एनआयओएसची नोंदणी तुम्ही स्वतःही करू शकता. त्यामुळे ती भरमसाट फी प्रमाणपत्रासाठी नाही, निव्वळ शिकवण्यासाठी आहे, हे धरून हिशोब करा.

एनआयओएस ही केंद्र सरकारची संस्था १९८९ पासून चालू आहे. दहावीला बसायला १४ वर्षं पूर्ण लागतात. पाच विषय घ्यायचे, परीक्षा एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर अशी वर्षातून दोनदा होते, आणि एकदा केलेली नोंदणी पाच वर्षं चालते. राहिलेला विषय पुढच्या वेळी देता येतो. खेळाडू मुलांना हे फार सोयीचं पडतं, कारण स्पर्धा आणि परीक्षा एकाच आठवड्यात आल्या तरी वर्ष वाया जात नाही. दहावी मराठी माध्यमातूनही देता येते. राज्य मंडळाचा १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसण्याचा रस्ताही आहेच. एनआयओएस घेतलंत तर अभ्यासकेंद्र मात्र महाराष्ट्रातलंच निवडा. पुढे राज्याच्या कोट्यातून प्रवेश घ्यायचा झाला तर दहावी-बारावी कुठून केली हे बघतात, आणि त्याचे नियम त्या त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेतूनच वाचायचे असतात.

पण तुमचा मुलगा अजून सहावीत आहे. दहावीला अवकाश आहे, आणि ऑनलाइन जमलं नाही तर परतीचं दार उघडं आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार १४ वर्षांपर्यंतच्या मुलाला वयाप्रमाणे योग्य वर्गात प्रवेश मिळतो. शाळा सोडल्याचा दाखला आला नाही म्हणून प्रवेश अडवताही येत नाही. कोणी घाबरवलं तर हे लक्षात असू द्या.

आता शिकवण्याबद्दल. डेमो लेक्चर बघू नका. तो सगळ्यांचाच छान असतो. एखाद्या साध्या मंगळवारी चालू असलेल्या वर्गात मुलाला तासभर बसू द्या आणि तुम्ही मागे बसा. त्या वर्गात किती मुलं आहेत आणि शिक्षक किती जणांना नावाने हाक मारतात, ते बघा. मग तिथे शिकणाऱ्या एखाद्या मुलाची तपासलेली वही दाखवायला सांगा, नाव झाकून चालेल. बहुतेक जण ॲप दाखवतील, त्यातले आलेख दाखवतील. तुम्ही वहीच मागा. मुलाने कुठे चूक केली आणि शिक्षकाने तिथे काय लिहिलं, हे दिसलं तर ती शाळा विचार करण्यासारखी आहे.

माझं मत विचाराल तर आधी सध्याच्या शाळेतल्या मुख्याध्यापकांना भेटा, खेळासाठी हजेरीत सवलत लेखी मागा आणि बुडलेल्या तासांचं काय करायचं ते ठरवून घ्या. सहावीतल्या मुलाला सरावाला जोडीदार मिळतात, पण डबा वाटून खायला मित्रही हवेत.

प्रश्न : मी गणित शिकवते. संध्याकाळी सातवी-आठवीचा ऑनलाइन वर्ग घेते, तीस मुलं असतात. सगळ्यांचे कॅमेरे बंद. 'समजलं का?' विचारलं की चॅटमध्ये रांगेने 'हो मॅडम' येतं, आणि चाचणीत निम्मी मुलं नापास. कॅमेरा सक्तीचा करू का? (शिक्षिका, सांगली)

नको. एका खोलीचं घर, मागे धाकटा भाऊ, चुलीपाशी आई, असं असताना तेरा वर्षांच्या मुलीला कॅमेरा लावायला लावणं म्हणजे तिचं घर तीस जणांसमोर मांडणं. आणि चेहरा दिसून तुम्हाला कळणार तरी काय? डोलणारी मान प्रत्यक्ष वर्गातही फसवते. वर्गात तुम्हाला खरी मदत व्हायची ती बाकांमधून फिरण्याची. फिरताना वह्यांवर नजर जायची, कुणाची पेन्सिल थांबली आहे ते दिसायचं. ऑनलाइनमध्ये नेमकं तेच हरवलं आहे, तेवढंच परत आणायचं.

एक उदाहरण घेऊ : १२ – (५ – ३). तुम्ही कंस सोडवायचा नियम सांगितला, तीन गणितं करून दाखवली आणि 'समजलं?' विचारलं. 'हो मॅडम.' आता तेच वेगळ्या तऱ्हेने करा. सगळ्यांनी उत्तर चॅटमध्ये लिहून ठेवायचं, पण मी तीन म्हटल्याशिवाय पाठवायचं नाही. एक, दोन, तीन. सगळी उत्तरं एकदम पडतील, कुणाला दुसऱ्याचं बघून लिहिता येणार नाही. काही १० असतील, आणि बरीच ४ असतील. ४ लिहिणाऱ्याने १२ मधून ५ वजा केले, मग ३ वजा केले. कंसाबाहेरच्या वजाबाकीने आतल्या ३ चं चिन्ह बदलतं, हे त्याच्या लेखी घडलेलंच नाही. पण ४ लिहिणारी सगळी मुलं एकाच वाटेने तिथे पोचलेली नसतात. एखादीने कंस दिसलाच नाही असं धरून डावीकडून उजवीकडे सोडवलं असेल. एखाद्याने नियम पाठ केला, पण तो पहिल्याच संख्येला लावला आणि पुढे विसरला. उत्तर तेच, औषध वेगळं. ते ठरवायला त्या ओळी बघाव्या लागतात.

म्हणून वर्ग संपायच्या आधी दहा मिनिटं राखून ठेवा. मुलांनी एक गणित वहीत सोडवायचं आणि फोटो व्हॉट्सॲपवर फक्त तुम्हाला पाठवायचा. खोडायचं नाही, चुकलं तर एक आडवी रेघ मारायची, एवढा एकच नियम. त्या रेघेखालचं वाचताना मुलाने कुठे विचार बदलला ते स्पष्ट दिसतं. तीस फोटो रोज तपासणं कुणालाच जमणार नाही. रोज सहा तपासा, आठवड्यात सगळ्यांची पाळी येते. प्रत्येकाला दोन वाक्यांचा व्हॉइस मेसेज पाठवा. मॅडमनी माझी वही बघितली, हे कळलं की मुलं आपणहून बोलायला लागतात. काही जण कॅमेराही लावतात, आणि नाही लावला तरी बिघडत नाही.

रेकॉर्ड केलेले धडे देत असाल तर ते छोटे ठेवा. २०१४ मध्ये एडएक्स या ऑनलाइन शिक्षणाच्या संकेतस्थळावरच्या अभ्यासक्रमांतल्या लाखो पाहण्यांच्या नोंदी तपासल्या गेल्या, तेव्हा सहा मिनिटांहून छोट्या व्हिडिओंमध्ये विद्यार्थी सगळ्यात जास्त रमलेले दिसले. हाताने लिहीत शिकवलेले व्हिडिओही स्लाइडपेक्षा जास्त बघितले गेले. ते विद्यार्थी मोठे होते, शाळकरी मुलांचा धीर त्याहून कमीच असणार. फोन उलटा टांगून खाली कागदावर लिहीत शिकवलंत तरी पुरेल.

प्रश्न : मी दहावीत आहे. सगळे लेक्चर पावणेदोनच्या स्पीडने बघतो, काही दोनदा बघतो. बघताना सगळं समजतं, पेपरमध्ये काहीच आठवत नाही. माझी स्मरणशक्ती कमी आहे का? (विद्यार्थी, लातूर)

तुझी स्मरणशक्ती ठीक आहे. तू सर गणित सोडवताना बघतोस, आणि ते सोडवत असताना प्रत्येक पायरी पटत जाते. पटणं आणि स्वतःला सुचणं यांत बराच फरक आहे.

अमेरिकेत २००६ मध्ये एक प्रयोग झाला. काही विद्यार्थ्यांनी एक उतारा पुन्हा वाचला. काहींनी पुन्हा न वाचता जेवढं आठवलं तेवढं लिहून काढलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. तुझा पेपर आठवड्यानंतरचा असतो.

तर आजपासून लेक्चर एकदाच बघ, साध्या वेगाने. दर दहा मिनिटांनी थांबव, स्क्रीन उलटी कर आणि कोऱ्या पानावर आठवेल ते लिही. पहिले चार-पाच दिवस पान निम्मं रिकामं राहील आणि वैताग येईल. ते रिकामं पानच तुला सांगतं काय राहिलं आहे. मग व्हिडिओ पुन्हा लावून फक्त तेवढंच बघ. सरांनी सोडवलेलं गणित दुसऱ्या दिवशी सकाळी, न बघता, पुन्हा सोडव. चॅटजीपीटीला उत्तर विचारायचं असेल तर स्वतः सोडवून झाल्यावर विचार, आणि 'माझी कुठली पायरी चुकली' असं विचार. त्याचंही कधी कधी चुकतं, म्हणून पाठ्यपुस्तकाशी ताडून बघ. आणि आठवड्यातून एकदा ती पानं कुणाला तरी दाखव : सर, ताई, बारावीतला दादा, कुणीही.

प्रश्न : नात चौथीत आहे. तिची ऑनलाइन शाळा रोज पाच तास चालते, तेही मोबाइलवर. डोळ्यांचं काय? (आजोबा, पुणे)

पाच तास फारच झाले. केंद्र सरकारने जुलै २०२० मध्ये 'प्रज्ञाता' नावाच्या मार्गदर्शक सूचना काढल्या होत्या. पहिली ते आठवीला दिवसाला जास्तीत जास्त दोन तासिका, प्रत्येकी ३० ते ४५ मिनिटांच्या, आणि नववी ते बारावीला चार, असं त्यात म्हटलं होतं. म्हणजे चौथीसाठी दीड तास ही वरची मर्यादा. हा कागद शाळेसमोर ठेवा आणि उरलेला अभ्यास वहीत द्यायला सांगा.

घरात टीव्ही असेल तर वर्ग त्यावर लावा, नात लांब बसेल. आणि रोज तिला उजेडात बाहेर न्या. चीनमधल्या ग्वांगझूमध्ये पहिलीच्या मुलांना तीन वर्षं शाळेत रोज ४० मिनिटं जादा बाहेर खेळवलं, तेव्हा त्यांच्यात नव्याने मायोपिया, म्हणजे लांबचं अंधुक दिसण्याचा दोष, आलेली मुलं सुमारे ३० टक्के निघाली. नेहमीच्या शाळांत ती जवळजवळ ४० टक्के होती. हे काम आजोबांइतकं चांगलं कुणी करणार नाही. आणि वर्षातून एकदा डोळे तपासून घ्या.

प्रश्न : मुलगी आठवीत. वर्गातल्या काही मुली तिच्या रंगावरून चिडवतात. सोमवारी सकाळी हमखास पोटात दुखतं. 'मला ऑनलाइन शाळेत घाला' म्हणून रडते. काय करावं सुचत नाही. (एक आई, ठाणे)

ताई, आधी तिचं म्हणणं खरं माना आणि तसं तिला सांगा. पोटदुखीही खरी आहे, बहाणा नाही.

शाळा बदलणं आणि चिडवणं थांबवणं ही दोन वेगळी कामं आहेत. चिडवण्याबद्दल मुख्याध्यापकांना लेखी पत्र द्या, तारखेसह, पोच घेऊन. तोंडी तक्रार दोन दिवसांत विरून जाते. शाळेत मुलांच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समिती असते, तिलाही कळवा. व्हॉट्सॲप ग्रुपवर काही लिहिलं गेलं असेल तर पुसू नका, स्क्रीनशॉट ठेवा. चिडवणाऱ्या मुली त्या ग्रुपमधून घरातही येतात, म्हणून नुसती शाळा ऑनलाइन केल्याने हे थांबेल असं मला वाटत नाही.

तिला दम घ्यायला वेळ हवा असेल तर शाळेशी बोलून काही आठवडे घरून अभ्यास करू द्या, पटावरचं नाव तसंच ठेवून. त्या काळात एक तरी शिक्षिका तिला फोन करेल, वह्या मागवून बघेल, असं ठरवून घ्या. आणि दिवसातून एकदा ती मुलांमध्ये जाईल असं काहीतरी हवंच : कथकचा वर्ग, वाचनालय, पोहणं, तिला आवडेल ते. तिथे तिची एक मैत्रीण झाली तर अर्धं काम झालं. झोप उडाली असेल, जेवण तुटलं असेल किंवा ती जिवाचं काही बोलत असेल तर वाट न बघता डॉक्टरांना दाखवा. मानसिक आरोग्यासाठी टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास चालू असतो, मुलांच्या मदतीसाठी १०९८ आहे.

एवढं करूनही शाळा हलली नाही तर दुसरी शाळा बघा, जवळची, चालत जाण्याजोगी. ऑनलाइन शाळेचा विचार त्याच्यानंतर.

प्रश्न : घरात फोन एक, मुलं दोन, एक दहावीत आणि एक सातवीत. रेंज टेकडीवर गेल्याशिवाय येत नाही. आमच्या मुलांनी कसं शिकायचं? (पालक, अक्कलकुवा)

तुमच्यासाठी थेट ऑनलाइन वर्ग हा मार्गच नाही, आणि त्यात मुलांचं फार नुकसान आहे असंही समजू नका. बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट मिळतात. दीक्षा ॲपवरचे धडे रेंज असेल तिथे एकदा उतरवून घेतले की घरी नेटशिवाय चालतात. पुस्तकातले क्यूआर कोडही त्याच ॲपमधून उघडतात. डीडी फ्री डिशची छत्री असेल तर पीएम ई-विद्याच्या वाहिन्या महिन्याचे पैसे न भरता दिसतात. फोन संध्याकाळी दहावीच्या मुलाला द्या, सकाळी सातवीच्या.

सरांना मात्र एक विनंती करा. टेकडीवरून आठवड्यातून दोनदा दहा मिनिटांचा साधा फोन, व्हिडिओ नको. मुलाने वही उघडून बसायचं आणि अडलेलं गणित ओळीओळीने वाचून दाखवायचं. आणि बाजाराच्या दिवशी तुम्ही गावात जाता तेव्हा दोघांच्या वह्या शाळेत टाकून या, पुढच्या बाजाराला परत घ्या.