फ्लेअरचा डेटा पहिल्यांदा हाताळताय? हे वाचा
सुरुवात असॅसिन-१४एलआयपासून करा, २०१४चा फ्लेअर (म्हणजे अचानक भडकलेला उजेड) आहे, एका दूरच्या दीर्घिकेतल्या कृष्णविवराने तारा फाडला तेव्हाचा, आणि स्विफ्ट उपग्रहाचा एक्स-रे आणि यूव्ही दोन्ही डेटा फुकट मिळतो. पण यूव्हीचे आकडे थेट प्लॉट करू नका हो, त्यात त्या दीर्घिकेचा स्वतःचा उजेडही मिसळलेला असतो, गॅलेक्स या यूव्ही अवकाश दुर्बिणीच्या जुन्या मापांवरून त्याचा अंदाज काढून वजा करा, नाहीतर उजेड ओसरतानाचा उतरता भाग उगाच सपाट दिसतो आणि भलताच निष्कर्ष निघतो. एक्स-रे खूप सॉफ्ट म्हणजे कमी ऊर्जेचे आहेत, बहुतेक १ केईव्हीच्या (किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट, फोटॉनच्या ऊर्जेचं एकक) खाली, म्हणून लो एनर्जीचे फोटॉन कापू नका. सगळ्यात भारी म्हणजे यूव्हीतले चढउतार एक्स-रेत साधारण महिन्याभराने उमटतात, ते स्वतः काढून बघाच!